पेटी आणि पाटी

“ह्या डब्यात पिल्लं व्हणार?” बानूबाईंनी सुनेच्या थर्माकोलच्या पेटीवर टिचकी मारली. “ह्यात आंबं बी पिकायचं न्हाईत.”

“आत्या, हात लावू नका. गरमी जाती.”

“जाऊ दे की. उन्हाळाच हाय.”

सुषमा हसली. पाबळला जाऊन ती ही पेटी बनवायला शिकली होती. आत बल्ब, छोटा पंखा, तापमानाचा काटा, पाण्याची वाटी. वर बघायला काच. तिचा नवरा सुरज कुरकुंभला कंपनीत होता. त्यानं सांगून टाकलं होतं, “पिल्लं निघाली तर घरामागची जागा तुझी. पाळ किती पाळायच्यात तेवढ्या कोंबड्या. न्हाई निघाली तर माझ्यासंगं कंपनीत. पॅकिंगला बाया पाहिजेत.”

पॅकिंग म्हटलं की सुषमा विषयच बदलायची.

*पाटी.*

अंडी एकाच घरची आणलेली. अर्धी पेटीत, अर्धी रंभाखाली.

रंभा म्हणजे सासूबाईंची तांबडी कोंबडी. खुडूक झालेली, अंड्यांवरून उठायला तयार नसलेली, पिसं फुलवून सगळ्या जगावर रागावलेली. बानूबाईंनी पाटीत उसाचं पाचट पसरलं आणि चुलीतल्या कोळशानं प्रत्येक अंड्यावर एक रेघ ओढली.

“दुसरी एखादी येती आन् गुपचूप मधीच घालून जाती. रेघेचं उबवायचं. बिनरेघेचं कालवणात.”

राहू गावात कुणाचीही कोंबडी बसवायची असली की बानूबाईंना बोलावणं यायचं. त्यांचा हात लागला की अंडं नासत नाही, असं बायांचं म्हणणं. बानूबाईंचंही तेच म्हणणं, फक्त जास्त मोठ्यानं.

*पेटी.*

सुषमानं प्रत्येक अंड्यावर काळ्या मार्करनं फुली मारली. सकाळी फुली वर, संध्याकाळी खाली.

“कोंबडी चोचीनं फिरवती, मी हातानं.”

“आन् मार्कर कशाला? कोळसा काय महाग झालाय?”

“कोळसा पुसतो, आत्या. मार्कर न्हाई पुसत.”

“शिकलेल्या बाईचं सगळंच पक्कं,” बानूबाई म्हणाल्या आणि मिश्री लावायला ओट्यावर जाऊन बसल्या.

शेवटचे दिवस आले. सुषमानं सगळ्या फुल्या वर केल्या आणि झाकण घट्ट लावलं. आता पिल्लं निघेपर्यंत उघडायचं नाही. आतली ओल गेली तर पिल्लू कवचातच चिकटतं. हे तिनं घरात सगळ्यांना ऐकवलं. रंभालाही.

*गुरुवार.*

भाचीच्या बारशाला तळेगाव ढमढेरेला जाणं भाग होतं. संध्याकाळी जीपमधून उतरली तर समोरच शेजारची तानुबाई.

“दिसभर लाइट नव्हती गं! आत्ता घटकाभरापूर्वी आली. तुझ्या त्या डब्याचं काय?”

सुषमा पळतच घरी आली. पेटीतला बल्ब चालू, काटा जागेवर, काचेवर आतून वाफ धरलेली. वाफेमागं काळ्या फुल्या, सगळ्या वर.

बानूबाई पाटीजवळ बसल्या होत्या. बोटं काळी, मिश्रीची वेळच होती ती. मनगटावर चोचीचा लाल ओरखडा.

“आत्या, लाइट कवा गेली?”

“गेली आसंल. मी काय तुझ्या डब्याची राखण करती व्हय?”

“हाताला काय झालं?”

“रंभाला येड लागलंय. मला बी टोचती.” त्यांनी पाटीवर फडकं टाकलं. “हिकडं आता कुणी फिरकू नका. दीठ लागंल माझ्या अंड्यास्नी.”

दिवसभर गार पडलेली अंडी. सुषमाला सगळं समजत होतं. रात्री सुरजनं कंपनीच्या बसची वेळ सांगितली, तेव्हा नुसती मान हलवली.

*दोन्ही.*

पहिला आवाज पेटीतून आला.

सुषमाला खरं वाटेना. काचेला नाक लावून बसली. एका अंड्याला भोक पडलं, मग दुसऱ्याला. दुपारपर्यंत पेटीत नुसता कालवा. ओली, लटपटणारी, मग फुगून कापसासारखी झालेली पिल्लं एकमेकांच्या डोक्यावर पाय देत होती.

पाटी गप्प.

“बघू द्या की आत्या, एखादं तरी...”

“नासक्या अंड्यात काय बघायचंय?” बानूबाईंनी पदराखाली सगळी अंडी घेतली आणि एकट्याच उकिरड्यात खड्डा करून पुरून आल्या. येताना रंभाला शिव्या घातल्या, सगळ्या आळीला ऐकू जातील अशा.

तानुबाईनं संधी सोडली नाही. “काय वो बानूबाई? हात म्हातारा झाला वाटतं!”

“व्हय बाई. आता कोंबडी बसवायला माझ्या सुनंलाच बोलवा.”

सुरजनं त्याच संध्याकाळी घरामागं जाळीसाठी खांब रोवले. एक तिरका गेला. सुषमानं तो सरळ करून घेतला आणि मालकिणीच्या थाटात म्हणाली, “दार पूर्वेला पाहिजे.”

रंभा अजून रिकाम्या पाटीत फुगून बसली होती. सुषमाला तिची दया आली.

“आत्या, पिल्लं रंभाखाली घालू? बल्बपेक्षा आई बरी.”

“घाल. तिला कुठं कळतंय, कुणाची ती?”

एकेक पिल्लू पंखाखाली सरकलं. रंभा खोल आवाजात कुरकुरली आणि गप्प झाली. बानूबाई बघत राहिल्या, मग “डोळ्यात कोंडा गेला” म्हणून उठून गेल्या.

सुषमा गाणं गुणगुणत पेटी साफ करायला बसली. कवचं गोळा करताना एक जरा मोठं हाताला लागलं. आठवण म्हणून ठेवावं वाटलं. त्यावरची फुली चांगली शाबूत होती. एक रेघ फिकी, तिच्यावरची आडवी मात्र ठसठशीत.

तिनं सहज तिच्यावरून अंगठा फिरवला.

अंगठा काळा झाला.