गादीतला खळगा

आई गेली, पण तिच्या फोमच्या गादीतला खळगा काही भरून आला नाही. दुकानदार तर म्हणाला होता, "कितीही दाबा, हात काढला की फोम वर येणारच."

मुलाने गादी उन्हात टाकली, उलटवली. तरी खळगा वरच.

आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा नर्स रोज बजावायची, "दादा, त्यांना कुशीवर वळवत जा, पाठ सोलवटतेय." तो "हो हो" म्हणायचा आणि मोबाईलमध्ये डोकं घालायचा.

आज भर दुपारी तो त्या खळग्यात उताणा पडला. "चुकलं गं माझं," पुटपुटला.

फोम हळूहळू वर येऊ लागला, पण एकाच बाजूने. त्याच्या पाठीखाली हात घालावा तसा. अलगद तो कुशीवर वळला. तोंड भिंतीकडे झालं.

आणि पाठीमागे गादी दबली.