नऊ टक्के

नवऱ्याच्या पोटातली गाठ काढायची ठरल्यापासून सुनंदा त्याला रोज पढवत होती. तंबाखू कधी खाल्ली नाही म्हणायचं. जिना चढताना धाप लागत नाही म्हणायचं. उताणं झोपलं की श्वास अडकतो, हे तर तोंडातून काढायचंच नाही. इस्पितळातलं यंत्र रुग्णाला प्रश्न विचारून ऑपरेशननंतर मरण्याची शक्यता सांगे; ती वीस टक्क्यांच्या वर गेली, तर तिथे कुणी सुरी हातात घेत नसे.

रमाकांतने पाठ केलेलं सगळं यंत्रासमोर घडाघडा म्हटलं. आकडा आला नऊ. सुनंदाने वॉर्डभर पेढे वाटले.

ऑपरेशन नीट झालं. दहाच्या आतल्या माणसांवर नंतर कुणी नजर ठेवत नसे. नर्स आणि मॉनिटर मोठ्या आकड्यांसाठी राखलेले. दुखू नये म्हणून इंजेक्शन देऊन रमाकांतला साध्या खाटेवर उताणं निजवलं. सुनंदा खाली रांगेत उभी राहून चहा घेऊन आली, तोवर त्याचे ओठ निळे पडले होते आणि हात गार लागत होता.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "ताई, शंभरातले नऊ जातातच. हे त्यांतले निघाले."



सुनंदा सामान आवरत होती, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची बायको जवळ आली. "अशा वेळी विचारू नये, पण आमच्या ह्यांचा आकडा सव्वीस आलाय. उद्या यंत्र पुन्हा एकदा, शेवटचं विचारणार आहे. तुमचा नऊ कसा आला होता?"

"खरं काय ते सांगायला लावा त्यांना," सुनंदा कशीबशी म्हणाली.

"खरंच सांगितलं होतं, ताई. म्हणून तर सव्वीस आला."