चतुराचे डोळे

इंडोनेशियातल्या बोगोरच्या आमच्या फोटो क्लबाच्या स्पर्धेत मेलेला किडा चालत नाही, आणि यंदा पाक सुगांडांचा (इथे वडीलधाऱ्यांना पाक म्हणतात) चतुर पहिला आला. डोळ्यांपासून शेपटीपर्यंत फोकस थोडा थोडा पुढे सरकवत चाळीसेक फोटो काढायचे आणि सगळ्यांचा मिळून एक करायचा, म्हणून केस न् केस स्पष्ट. मधेच काही हललं, की तेवढं पुसट होऊन पुन्हा पुन्हा उमटतं.

"दम धरावा लागतो रे पोरांनो," थराथरांच्या केक लापिसचा तुकडा तोंडात कोंबत पाक म्हणाले. "पहाटे गवतात पालथं पडून राहायचं. त्याला वाटलं पाहिजे, हा आपलाच माणूस. मग जागचा हलत नाही बघ!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही केक खात कौतुकाने फोटोला नाक लावलं. चतुराच्या पायाशी एक मुंगी होती. तीच एक, पाच ठिकाणी पुसट उमटलेली, पायावरून चढत थेट त्याच्या पोटापर्यंत.

शी! तोंडातला घास मी रुमालात थुंकला.


त्या अख्ख्या फोटोत जिवंत तेवढीच होती, आणि ती जेवायला आली होती.