नकाराची सुनावणी

"मेंदूतली चिप नको असेल, तर काढून घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "काढायची का?"

"छे हो, मॅडम!" तिरोडकर मास्तर हसले. "किती हलकं वाटतंय आता."

त्यांची मुलगी यशोधरा त्या हसण्याकडे बघत राहिली. आई गेल्यापासून बाबा असे हसलेच नव्हते. म्हणून तर सरकारी माणसांनी त्यांना उचलून इथे इस्पितळात आणलं होतं. आजारी मनाचा नकार कायदा धरत नाही. आधी चिप बसवून दुःख घालवायचं, मग विचारायचं. शस्त्रक्रियेला नेताना बाबांनी तिचा हात घट्ट धरला होता. "नंतर मी हो म्हणेन गं, सगळेच म्हणतात. तेव्हा उभी राहा आणि सांग, हा माणूस मी नव्हे."

ती उभी राहिली. तिने सगळं सांगितलं.

"असं म्हणाला होतात?" बाईंनी मास्तरांना विचारलं.

"म्हणालो होतो ना." मास्तरांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, अगदी पूर्वीसारखा. "मॅडम, हिलाही अजून आईची आठवण येते. रात्री रडते. आजच दाखल करून घ्या. आता नको म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका."