‘फोलपट’चा शेवट

“सर, सिनेमाचा शेवट कुठं गेला?”

माईकवरून प्रश्न अख्ख्या हॉलभर घुमला. मागच्या रांगेत तिच्या मैत्रिणी पुनम आणि समीक्षाने ओढणी तोंडात कोंबली. ‘विचारूनच दाखव’, म्हणाल्या होत्या दोघी. मनस्विनीने दाखवलं. नायगावच्या शाळेत प्रार्थनेलासुद्धा जिचा आवाज फुटत नव्हता, ती आज लातूरच्या नामांकित क्लासच्या पालक मेळाव्यात माईक धरून उभी राहिली होती. तिला स्वतःचंच लई कौतुक वाटलं.

मंचावर सुदर्शन सर गोड हसले. क्लास त्यांचा, हॉल त्यांचा, आणि आजचा ‘फोलपट’चा खास खेळही त्यांनीच ठेवलेला.

थेटरात आठवडाभरसुद्धा न टिकलेला ‘फोलपट’ पोरांना मोबाइलवर बघून बघून तोंडपाठ झाला होता. बंद पडलेल्या डाळमिलमध्ये एक राक्षस कोचिंग क्लास चालवतो. टाय लावतो, पालकांना चहा पाजतो. वरून पोरं ओततो, खालून पिवळेधम्मक, गुळगुळीत, एकाच चेहऱ्याचे डॉक्टर काढतो. उरलेलं फोलपट, म्हणजे कुणाचं गाणं, कुणाचं हसू, मागच्या दारानं ढोरांपुढे. पोरं बघताना किंचाळायची आणि पोट धरून हसायचीसुद्धा. शेवटी तेच फोलपट वावटळीसारखं उठतं आणि राक्षसाला त्याच्याच मिलमध्ये ढकलतं. खालून काहीच पडत नाही. आत दाणाच नसतो.

आज मात्र राक्षस चौकात टॉपरांचे फ्लेक्स लावतो तिथंच सिनेमा थांबला आणि हॉलचे दिवे लागले.

“शेवट आम्ही कापला, बेटा,” सर म्हणाले. “जरा निगेटिव्ह होता. पालकांनी काहीतरी पॉझिटिव्ह घेऊन घरी जावं.”

हॉलने टाळ्या वाजवल्या.

मनस्विनीला हसूच आलं. कापा की! शेंबडं पोरसुद्धा ओळखेल, राक्षस कोण ते. मेळावा संपला की पप्पा तिचं नाव इथल्या हॉस्टेलात घालणार होते, पण एवढं बघितल्यावर कोण घालतंय? ती निर्धास्त खाली बसली. माईक पुढे सरकला.

पागोटं बांधलेले एक आप्पा उठले. “सर, त्या मिलमधी पोरांचे मोबाइल गेटावरच काढून घेतेत. आपल्याकडं हाय का तसं?”

“आहे ना.”

“आन् खिडक्या? त्यानं समद्या इटांनी बुजवल्या हायेत.”

“आपल्याकडे काळ्या काचा आहेत. बाहेरचं दिसत नाही.”

“इटा बऱ्या,” आप्पा म्हणाले आणि बसले.

मनस्विनीने मागे वळून पुनमकडे बघितलं. पुनमच्या तोंडातली ओढणी खाली आली होती.

मग एक काकू. “सिनेमात आईबापाला भेटूच देत न्हाईत. तुम्ही म्हनं दिवाळीला भेटू देता?”

“देतो, ताई.”

“कामून? भेटलं की रडतेत नुसते. लई दिवस लागतेत मग त्याहिला ताळ्यावर यायला.”

“हाव, खरं हाय,” चौफेर आवाज आला. सरांनी मान डोलावली. सूचना विचारात घेऊ म्हणाले.

इस्त्रीचे शर्ट, जरीच्या साड्या, मांडीवर क्लासची माहितीपत्रकं. एवढा राक्षस बघूनही ही माणसं त्याचाच पत्ता विचारून राहिलीत! मनस्विनीला त्यांची कीवसुद्धा करावीशी वाटेना. कीव करायलाही समोर कुणीतरी असावं लागतं.

तेवढ्यात शेजारी पप्पांनी हात वर केला.

ती एकदम ताठ झाली. पप्पा मराठीचे शिक्षक. उपहास म्हणजे काय, ते दर वर्षी नववीला फळ्यावर लिहून शिकवतात. पोरांना कळेपर्यंत सोडत नाहीत. आता ऐका म्हणावं सगळ्यांनी!

पप्पांनी माईक घेतला, घसा साफ केला. “नमस्कार. रेणुकादास, नायगाव. सर, चित्रपट अत्यंत बोलका आहे.”

मनस्विनीने समीक्षाला डोळा मारला.

“फक्त एक शंका. त्या मुलांचं हसणं काढून घेतात, असं दाखवलंय. त्याला वेगळा तास असतो, की रोजच्या शिकवणीतच होऊन जातं?”

कुणीही हसलं नाही. दोन-तीन पालक तर उत्तरासाठी पुढे वाकले.

मम्मीने पप्पांच्या कोपराला ढोसलं. “अहो, आपल्या हिला लई हसू येतं, ते पण सांगा ना.”

“हां. आमची मुलगी जरा जास्तच हसते, सर. अभ्यासाच्या वेळीसुद्धा.”

सुदर्शन सरांनी मनस्विनीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. दुकानदार मापात बसतंय का ते बघतो, तसं. “हीच का शेवट विचारणारी? काळजी करू नका. पहिल्या चाचणीपर्यंत होतं सगळं ठीक.”

पप्पांचा चेहरा उजळला. “मग आजच प्रवेश उरकून टाकू,” असं मम्मीला म्हणत त्यांनी मनस्विनीकडे पेन धरला. “सही कर गं इथं अर्जावर, विद्यार्थ्याची.”

तिने पेन घेतला नाही. पप्पांच्या दुसऱ्या हातातला माईक घेतला आणि उभी राहिली. मागून पुनम पुटपुटली, “ए बस, पैज संपली गं.”

“पप्पा, मम्मी,” मनस्विनी म्हणाली, आणि शेवटच्या रांगेपर्यंत तिचा आवाज पोहोचला, “मी अकरावी नायगावातच करणार. आर्ट्सला.”