शुद्धीतला अनंता

संपात गिरणी गेली आणि अनंता घाडी दारूला लागला. तीन वर्षांनी त्याच्या बायकोनं, वनमालानं, त्याला घाटकोपरच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं नलिनीताई दारू सोडवायला मदत करायच्या.

“डोळे मिटा,” ताई म्हणाल्या. “तुम्ही न पिता घरी निघालाय, असं बघा. जिना चढा, दार वाजवा. प्यावंसं वाटलं की रोज हेच बघायचं.”

अनंताला लख्ख दिसलं. धुतलेला शर्ट, ताठ मान, हातात भाजीची पिशवी.

पंधरा दिवस तो प्यायला नाही. मग गुत्त्यावर बसूनच डोळे मिटू लागला. तो शुद्धीतला माणूस घरी पोचला की याला हायसं वाटायचं आणि पुढचा ग्लास सुखानं उतरायचा.

एका संध्याकाळी तो झोकांड्या खात घरी आला, तर वनमाला रडायलाच लागली.

“आत्ता तर माझ्यासोबत जेवलात ना? चांगले बोलत होतात. मग लगेच कुठं पिऊन आलात?”

मोरीत दोन ताटं पडली होती.

दुसऱ्या दिवशी तो अर्ध्यावरच ग्लास ठेवून उठला आणि सहालाच घरी पोचला. दाराआडून वनमालाचं हसू ऐकू आलं. कित्येक वर्षांत ती अशी हसली नव्हती. त्यानं दार वाजवलं.

“कोण आहे हो?” तिनं आत कुणाला तरी विचारलं.

पावलं दारापर्यंत आली. फटीतून कुणीतरी बाहेर पाहिलं.

“कुणी नाही गं,” अनंताचाच आवाज म्हणाला. “कुणीतरी बेवडा आहे.”

आणि आतून कडी लागली.