टोपलीपासून हातभर

थोरल्याने पिशवीतून पुन्हा तीच निळी, जाड कडेची तबकडी काढली, तेव्हा धाकटीला राहवलं नाही.

"दादा, ही पटर आहे. शेवटी टोपलीत टाकायची. एवढ्या लांबून फेकायची असेल तर बाकीच्या तबकड्या काय शोभेला आणल्यास?"

"सरळ जाते ही," तो म्हणाला. "आणि पडली की तिथेच बसते."

खोटं नव्हतं ते. चेंडूऐवजी तबकडी आणि खड्ड्याऐवजी खांबावरची लोखंडी टोपली, एवढाच या गोल्फचा वेगळेपणा. पातळ कडेच्या तबकड्या लांब जातात, पण पडल्यावर कुठे घरंगळतील ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पटर म्हणजे गरीब गाय. पल्ला कमी, पण नेम धराल तिथे जाते. फक्त अंगात आल्यासारखा जोर लावायचा नाही, नाहीतर तीही उलटी होऊन झुडपात शिरते. थोरला दुपारभर तिलाच राबवत होता. दोन फेकींच्या जागी तीन गेल्या तरी चालतील, पण शेवटची टोपलीच्या पायाशीच पडली पाहिजे.

कारण पायाशी पडलेल्या तबकडीसाठी भावाबहिणीची शाळेपासूनची एक रीत होती. तबकडी टोपलीपासून हातभर अंतरावर असली की समोरच्याने "उचल" म्हणायचं, आणि ती टोपलीत गेली असं धरायचं. टाकून दाखवावी लागत नसे.

टाकून दाखवणं तर आज त्याला मुळीच नको होतं. लांब फेकताना कंबर फिरते, सगळा दंड फिरतो आणि त्या झटक्यात हाताचं गुपित झाकून जातं. टोपलीसमोर मात्र हात पुढे धरून नेम घ्यावा लागतो. आणि हात पुढे धरला की तो थरथरायचा. चहाचा कप तो हल्ली दोन्ही हातांनी उचलत असे, गारठ्याचं निमित्त करून. पण दाताच्या डॉक्टरला असा किती दिवस गारठा बाधणार?

दवाखाना दोघांचा. एकाच खोलीत दोन खुर्च्या, एक त्याच्या पेशंटची, एक धाकटीच्या. उद्या सकाळी त्याच्या खुर्चीवर रेडिओवर बातम्या वाचणारी बाई बसणार होती. तिची अक्कलदाढ आडवी रुतली होती आणि दाढेचं मूळ ओठाकडे जाणाऱ्या नसेला खेटून होतं. हत्यार केसभर सरकलं तर ओठ कायमचा बधिर. हे त्याला कळत होतं. पण ती खुर्ची सोडली तर आपण कोण, हे कळत नव्हतं. जीव नुसता टांगणीला लागला होता. आजचा दिवस निभू दे, असं तो मनातल्या मनात कुणाकुणाला विनवत होता.

"चल, ही शेवटची टोपली," धाकटी म्हणाली.

झाडांच्या दोन रांगांमधून अरुंद वाट होती. थोरल्याने अंगठा तबकडीवर दाबला, पाठ वळवली आणि फेकली. पटर गवतालगत खालूनच गेली, कुठे झुकली नाही, आणि टोपलीच्या खांबाला टेकून बसली.

"वा रे वा! नेम धरावा तर असा!"

तो हसला. दिवसभरात पहिल्यांदा. धाकटीने म्हणायच्या आधीच उचलायला वाकला.

"थांब," ती म्हणाली. "टाक."

"काय?"

"टोपलीत टाक."

"अगं, हातभर तर आहे. शेंबडं पोरही टाकेल."

"मग टाक ना."

त्याने वर पाहिलं. धाकटीचे डोळे भरले होते.

"आज एकदाही तुला टाकताना पाहिलं नाही, दादा. मीच आपली उचल, उचल करत बसले."

काहीतरी चेष्टा करून वेळ मारून न्यावी, असं त्याला वाटलं. पण तबकडी घेऊन तो टोपलीला अगदी भिडून उभा राहिला. नेम घ्यायलाच नको, हातानेच आत ठेवू. त्याने हात पुढे केला.

तबकडी अडवायला टोपलीवर साखळ्या सोडलेल्या असतात. पटरची कड एका साखळीला लागली आणि साखळ्या किणकिणू लागल्या. त्याने मूठ आवळली. आवाज वाढला. सोडून दिली असती तर सगळं थांबलं असतं, पण भीतीने बोटंच उघडेनात. पलीकडच्या वाटेवरचे खेळणारे मान वळवून बघायला लागले.

"वारा सुटलाय," तो म्हणाला.

"नाही रे, दादा."

धाकटीने पुढे होऊन साखळ्या दोन्ही मुठींत गच्च धरल्या. किणकिण बंद झाली. पटर मात्र तिच्या बोटांवर आपटतच राहिली. ती हात काढत नव्हती आणि त्याला आपला हात आवरत नव्हता.



"नस डाव्या बाजूला आहे," अखेर तो म्हणाला. "मुळाला अगदी चिकटून. उद्या दाढ जपून काढ."